ब्रिंकहोफच्या मागची सीट

१

स्वानंद दाबके हा माणूस संशयी होता, आणि त्याला त्याचा अभिमानही होता. गॅसचं बटण बंद दिसत असलं तरी तो हात लावून बघायचा. कतारमध्ये, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटला कुलूप घातलं की दार ढकलून बघायचा, लिफ्टपर्यंत जायचा आणि पुन्हा एकदा ढकलायला माघारी यायचा. नमिता, त्याची बायको, लिफ्टचं दार पायाने अडवून म्हणायची, “झालं समाधान? यल्ला, चल आता.” पण याच स्वभावावर त्याचं पोट चाललं होतं. म्युझियममध्ये, मॉलमध्ये लोकांना बसवून हलवणारी जी यंत्रं असतात ती उभी करून द्यायचं त्याचं काम, आणि असली यंत्रं संशयी माणसाने तपासलेली बरी.

या वेळचं काम उत्तरेला, मदिनत अश शमाल गावाच्या बाहेर होतं. एका हौशी कतारी गृहस्थाने तिथे स्वतःचं संग्रहालय बांधलं होतं. जुन्या मोटारी, जुन्या होड्या, आणि शेवटच्या हॉलमध्ये एक विमान. सगळं विमान नव्हतं, नुसतं पुढचं कॉकपिट. एकामागे एक दोन सीट, वर काचेचं झाकण. लोथार ब्रिंकहोफ नावाच्या जर्मन वैमानिकाचं हे शेवटचं विमान. महायुद्धात नाव काढलेला हा माणूस पुढे तेल कंपनीसाठी याच किनाऱ्याचे हवाई फोटो काढायला आला होता. पुढच्या सीटवर चामड्याचं जाकीट घातलेला त्याचा पुतळा बसवायचा, मागच्या सीटवर प्रेक्षक. समोर मोठा पडदा. खाली हलता मंच. सीट आणि पट्टे मात्र मूळचे ठेवायचे, असा मालकाचा हट्ट होता.

कोण बसलंय हे मंचाला कळावं म्हणून दोन्ही सीटखाली वजनाचे सेन्सर होते. माणूस बसला की बाहेरच्या टेबलावर हिरवा दिवा लागायचा.

एके दिवशी दुपारी स्वानंद टेबलाशी डबा खात बसला होता. हॉलला खिडकी नव्हती, काळे पडदे होते आणि एसीची एकसुरी घरघर होती. त्याने पोळीचा घास मोडला आणि वर बघितलं. मागच्या सीटचा हिरवा दिवा लागला होता.

सीटवर कोणी नव्हतं. तो उठून शिडी चढून बघून आला. पट्टा मात्र लावलेला होता, बकलात बसवून नीट ओढलेला. आपण तो सोडून ठेवला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. पक्कं आठवणं हाच तर त्याचा धंदा होता.

सेन्सर, तो मनाशी म्हणाला. आणि पट्टा साफसफाईवाल्याने लावला असणार. डबा पुसून ठेवेपर्यंत दिवा विझला होता.

२

संग्रहालयाचा मॅनेजर जियाद जॉर्डनचा, पण पुण्यात चार वर्षं कॉलेज केलेला. त्यामुळे त्याचं हिंदी कोणत्याही पुणेकराइतकंच वाईट होतं आणि चहाची आवडही तितकीच. उद्घाटनाला मागच्या सीटवर पहिलं एखादं लहान मूल बसावं, असं मालकाचं म्हणणं होतं. “फोटो अच्छा आता है,” जियाद म्हणाला. “तेरी बेटी को ले आ ना. इंजिनियर की बेटी, पहली पॅसेंजर. वजन बता दे, सीट सेट कर लेते हैं.”

उर्वी नऊ वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. “उर्वी, विमानात बसणार का?” असं स्वानंदने विचारल्यावर ती पलंगावर उभी राहून म्हणाली, “ऑफ कोर्स, बाबा! आय विल टेल माय होल क्लास.” त्याला आनंद झाला. मग लगेच थोडी चुटपुट लागली, कारण तो दिवा पुढे दोनदा लागला होता आणि सेन्सर बदलूनही लागला होता.

खंडेनवमीला त्याने यंत्राची पूजा केली. नाशिकला त्याचे वडील कारखान्यात लेथची पूजा करायचे, आणि स्वानंदनेही आजवर एकही यंत्र पूजेशिवाय लोकांच्या स्वाधीन केलं नव्हतं. अल मुंतझा भागातल्या दुकानातून झेंडूचा हार आणला, नारळ बाहेर अंगणात फोडला. कुंकवाचं बोट घेऊन सवयीने स्वस्तिक काढायला गेला आणि थबकला. युद्धातल्या जर्मन वैमानिकाच्या विमानावर ते चिन्ह भलताच अर्थ सांगत बसलं असतं. मग त्याने ओम काढला आणि स्वतःशीच हसला.

नमिता फोनवर व्हिडिओतून बघत होती. “उर्वीला शाळा आहे, नाहीतर आणलं असतं तिला,” ती म्हणाली. “पहिली तीच बसणार ना? मग तिच्या जागी सुपारी ठेव.”

यात वावगं काही नव्हतं. घरचं माणूस पूजेला नसेल तर त्याच्या जागी सुपारी ठेवायची, हे दोघांच्याही घरी चालत आलेलं. स्वानंदची आई आजारी असायची तेव्हा वडील तिच्या जागी सुपारी मांडून सत्यनारायण उरकायचे. स्वानंदने मागच्या सीटवर सुपारी ठेवली, वर अक्षता टाकल्या आणि म्हणाला, “ही उर्वी स्वानंद दाबके.” मग गंमत म्हणून तिच्यावरून पट्टाही लावला.

“शहाणा आहेस,” नमिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पट्टा तसाच होता, सुपारी मात्र नव्हती. साफसफाईवाला म्हणाला, साहेब, मी काच सोडून कशाला हात लावत नाही. स्वानंदचा त्याच्यावर विश्वास बसला नाही.

३

जुन्या विमानासारखे दोन्ही सीटना माइकवाले हेडफोन होते. प्रेक्षकाने ते कानाला लावायचे आणि त्यात खुद्द ब्रिंकहोफने आपली कहाणी सांगायची, अशी योजना होती. म्हातारपणी त्याने एक लांबलचक मुलाखत दिली होती. खाली त्याचं जर्मन, वर एका बाईच्या सपाट आवाजातलं इंग्रजी भाषांतर. त्यातले तुकडे कापून जोडायचं काम स्वानंदचंच. तो हॉलमध्येच बसून ऐकायचा, कारण दुसरीकडे कुठे शांतता नव्हती.

कहाणी मोठी होती. पोरवयात हवाईदलात भरती, पूर्वेच्या आघाडीवर टेहळणीचं दोन सीटचं विमान. पुढे तो, मागे निरीक्षक. एका हिवाळ्यात तो गोळ्यांनी चाळण झालेलं विमान घेऊन परत आला, अंगाला ओरखडा नाही. मागची सीट रिकामी होती. निरीक्षकाने उडी मारली असेल असं ठरलं. पदक मिळालं, दुसरा निरीक्षक मिळाला. पुढे तोही परत आला नाही, आणि त्यानंतरचाही नाही. ब्रिंकहोफ दर वेळी सुखरूप परतायचा आणि छातीवर एक पदक वाढायचं. मग पराभव, कैद, सुटका, शेतांवर औषध फवारण्याचं काम. जर्मनीने पुन्हा हवाईदल उभारलं तेव्हा हा अनुभवी माणूस शिक्षक म्हणून परत गेला. तिथे एक विद्यार्थी मागच्या सीटवर होता. तिथून त्याला गुपचूप निरोप दिला गेला आणि तो आखातात आला. या वाळूवर त्याच्या मागे कॅमेरा घेऊन बसायला मुंबईकडचा एक फोटोग्राफर होता. त्याचं नाव मुलाखतीत नव्हतं. त्यानंतर ब्रिंकहोफ उडायचा थांबला, गावी सफरचंदं लावली आणि नव्वदी ओलांडून झोपेत गेला.

एका ठिकाणी मुलाखत घेणारा विचारतो, मागच्या लोकांनी उडी मारली हे तुम्ही पाहिलंत का?

बराच वेळ कोणी बोलत नाही. मग म्हातारा सांगतो की झाकण बंद होतं. पॅराशूट जागेवर होतं. पट्टाही लावलेला होता, नुसता सैल पडला होता. मागे बघायला आरसा दिला होता, तो त्याने आकाशाकडे वळवून ठेवला होता.

स्वानंदने हा तुकडा परत लावला. त्या शांततेत त्याला दोन श्वास ऐकू येत होते. एक म्हाताऱ्याचा, घरघरता. दुसरा जवळचा आणि हलका. मुलाखत घेणाऱ्याचा असेल, त्याने ठरवलं. पण मुलाखत घेणारा मध्येच खोकला, आणि तो दुसरा श्वास खोकल्याच्या वेळीही चालूच होता.

त्याने हेडफोन काढले. टेबलावरचा हिरवा दिवा लागला होता. ऐकण्याच्या नादात कधी लागला हे कळलं नव्हतं.

जियादला तो तुकडा ऐकवला तर जियाद म्हणाला, “ये निकाल दे. पब्लिक को हीरो चाहिए. पीछे कौन बैठा था, किसको पडी है?”

स्वानंदने तो तुकडा कापला. त्याला ते मनापासून आवडलं नाही, पण कापला.

४

त्याने आता सेन्सरचा नाद सोडला आणि माणसांवर संशय घ्यायला सुरुवात केली. त्यात त्याला जरा बरंही वाटलं.

टेबलावर दिव्याशेजारी वजनाचा आकडा यायचा. आधी जेव्हा जेव्हा दिवा लागायचा तेव्हा आकडा मोठ्या माणसाचा असायचा, दर वेळी वेगळा. पूजेनंतर त्यात एक बदल झाला होता. आता आकडा दर वेळी तोच येत होता, आणि लहान होता.

घरी गेल्यावर त्याने उर्वीला काट्यावर उभं केलं. “बाबा, आय ॲम नॉट फॅट,” ती म्हणाली. आकडा बघून स्वानंदने तिला उतरवून पुन्हा उभं केलं. ग्रॅमच्या घरापर्यंत सीटचाच आकडा होता.

मग त्याला आठवलं की उर्वीचं वजन जियादने विचारून घेतलं होतं. हा माणूस भुताटकीची आवई उठवणार, व्हिडिओ काढणार, गर्दी खेचणार. किती सोपं होतं. रात्रभर ही कल्पना उराशी धरून तो छान झोपला.

“तू कोई खेळ कर रहा है क्या?” सकाळी त्याने जियादला सरळ विचारलं. “सिस्टीम में वजन किसने डाला?”

जियादने चहाचा कप खाली ठेवला. “मैंने? भाई, मुझे तो प्रिंटर चलाना नहीं आता.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “सुन. तू पीछे बेटी को बिठाके टेस्टिंग करता है तो बता दिया कर. इन्शुरन्स का लफडा होता है.”

“किसको बिठाया मैंने?”

“कल दोपहर को बच्ची बैठी थी ना? मैंने दरवाजे से देखा, सिर दिख रहा था. मैंने हाथ भी हिलाया.”

काल दुपारी उर्वी शाळेत होती. स्वानंदने शाळेत फोन करून, डॉक्टरची अपॉइंटमेंट वगैरे काहीतरी बहाणा सांगून, खात्री करून घेतली. ती तिथेच होती, चित्रकलेच्या तासाला. जियाद खोटं बोलत होता हे उघड होतं. फक्त खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा स्वानंदला ओळखता यायचा, आणि हा चेहरा तसा नव्हता.

५

उर्वीला त्या सीटवर बसवायचं नाही, एवढं त्याचं ठरलं. मात्र का, हे सांगायची त्याला लाज वाटली. इंजिनियर माणूस, बायकोला काय सांगणार? रिकाम्या सीटला आपल्या मुलीचं वजन आहे म्हणून?

“सेन्सर बिघडलाय,” तो नमिताला म्हणाला. “उद्घाटनाला उर्वीला नको आणू.”

“अरे, तिने सगळ्या वर्गाला सांगितलंय.”

“पुढच्या आठवड्यात बसवू. इन्शाल्ला.”

“तुझं इन्शाल्ला म्हणजे नाहीच,” नमिता म्हणाली. आतल्या खोलीत उर्वीने ते ऐकलं. नमिता मग तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोघी बराच वेळ काहीतरी कुजबुजत होत्या. स्वानंद दाराबाहेर उभा होता. त्याला फार वाईट वाटलं, पण तो आत गेला नाही.

मालकाला मात्र उद्घाटन हवंच होतं. तेव्हा स्वानंदने तोड काढली. मागे कोणी बसायचंच नाही. पुढचा पुतळा काढायचा, त्याच्या जागी स्वानंदने स्वतः बसायचं आणि यंत्र चालवून दाखवायचं. जे काय आहे ते ब्रिंकहोफच्या मागे बसणाऱ्याला आहे. पुढे ब्रिंकहोफच नसेल तर प्रश्नच मिटला. या तर्कात त्याला कुठेही फट सापडली नाही, आणि फटी शोधण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

६

शनिवारी सकाळी हॉल माणसांनी भरला. अत्तराचा आणि कॉफीचा वास होता. स्वानंदने मागच्या सीटवर लाल पट्टी आडवी बांधली, टेबलाशी जाऊन दिवा बघितला. विझलेला होता आणि आकडा शून्य होता. परत एकदा बघितला. शून्यच.

मग तो शिडीवरून पुढच्या सीटवर उतरला. सीट अरुंद होती आणि पाठीमागे डोक्याच्या वरपर्यंत पोलादी पत्रा होता. मान पूर्ण वळवली तरी मागचं काही दिसत नव्हतं. दिसायचं ते फक्त चौकटीवरच्या आरशात. त्या आरशात त्याला रिकामी सीट आणि लाल पट्टी दिसली.

आरसा असला की आपण सारखं बघणार, आणि बघितलं की फसणार, असं त्याच्या मनात आलं. त्याने आरसा वर, काचेकडे वळवला. आपण हे काय केलं ते त्याला कळलंही, पण तोवर हॉलमधले दिवे गेले होते.

कानात इंजिनाचा आवाज भरला. मंच एकदा दबला आणि वर आला. सुरुवातीला तो तसा दबायचाच, प्रोग्रॅममध्ये त्यानेच ते घातलं होतं. पडद्यावर वाळू मागे सरकली, मग किनारा आला, मग हिरवट समुद्र. ब्रिंकहोफचा घरघरता आवाज सुरू झाला.

त्या आवाजाखाली कोणीतरी श्वास घेत होतं. तुकडा मी कापलाय, स्वानंद मनाशी म्हणाला. मी स्वतः कापलाय.

“बाबा,” हेडफोनमध्ये आवाज आला. “बाबा, मी आलेय. मागे बघा ना.”

आवाज हुबेहूब उर्वीचा होता. पण उर्वी अशी बोलत नाही. उर्वी मराठीत एक वाक्य बोलायची नाही, आणि त्याला तर “अहो-जाहो” कधीच करत नव्हती. ज्याने कोणी हा आवाज काढला होता, त्याची इथे चूक झाली होती. ती चूक पकडल्याचं त्याला केवढं समाधान वाटलं.

“बाबा, बघा ना. इथे एक काका आहेत.”

तो समोर बघत राहिला.

विमान वळलं तसा मंच कलला आणि धक्क्याने आरसा खाली घसरला. क्षणभरच. पोलादी पत्र्याच्या कडेवर चार बोटं होती, लहान, नखांना गुलाबी रंग लावलेली. त्यांच्यावर दुसरा एक हात येत होता, चामड्याच्या बाहीतला, आणि तो ती बोटं कडेवरून एकेक करून सोडवत होता, फार सावकाश, झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढून घेतात तसा. स्वानंदने डोळे मिटून घेतले. पडद्याचं प्रतिबिंब, तो म्हणाला. जियाद, तो म्हणाला. कानातलं “बाबा” हळूहळू इंजिनाच्या आवाजात मिसळून गेलं.

७

चाकं टेकली, मंच थांबला, दिवे आले. टाळ्या पडल्या. मालक कोणाशी तरी हसून बोलत होता. स्वानंदने हेडफोन काढले आणि शिडीच्या वरच्या पायरीवर पाय ठेवला. आपण धडधाकट आहोत, अंगाला ओरखडा नाही, हे त्याने सवयीने तपासून घेतलं.

गर्दीतून नमिता पुढे आली. तिच्या खांद्यावर उर्वीचं लहान जाकीट होतं आणि हातात तिची पाण्याची बाटली. ती हसत होती.

“रागावू नकोस,” ती खालून म्हणाली. “काल जियादभाईंना मी फोन केला. ते म्हणाले सेन्सर एकदम ठीक आहे, घेऊन या. तू बसल्यावर त्यांनीच ती लाल पट्टी सोडून दिली, आणि मी बसवलं तिला.”

स्वानंदने शिडीचा कठडा धरला.

“बोलली का रे नीट? चार दिवस घोकून घेतलंय मी तिच्याकडून. म्हटलं, बाबाला सरप्राइज द्यायचं तर चांगलं मराठीत दे, मोठ्या माणसांशी बोलतात तसं.”

मागून काहीच आवाज येत नव्हता. एसी घरघरत होता. जियाद टेबलाशी वाकून विझलेल्या दिव्याकडे बघत होता, आणि मग त्याने एकदा वर, स्वानंदच्या पाठीमागे बघितलं आणि त्याचा हात तोंडाकडे गेला.

“अरे, असा उभा काय राहिलास?” नमिता म्हणाली. “आधी तिचा पट्टा सोड ना. तिला एकटीला सुटत नाही तो.”

स्वानंद शिडीवर उभा होता, मागची सीट त्याच्या पाठीशी होती. त्याने अजून वळून बघितलं नव्हतं. खाली नमिता मुलीला उतरवून घ्यायला दोन्ही हात वर करून थांबली होती.